सेव्वंदीची अंगठी आणि माझी साखर

३ जानेवारी

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. रोज सकाळी बोटाला टोचून साखर मोजायची आणि इथे लिहायची. दिवसभरात जे पोटात गेलं तेही लिहायचं. मी निघताना वर अदबीने म्हणाल्या, "विमलसेन महत्तया, खरं लिहा बरं का." बेचाळीस वर्षं मी नीलमांना पैलू पाडतो आहे. अख्ख्या रत्नपुरात माझ्या शब्दावर लोक खडा न बघता घेतात. आणि काल-परवा डॉक्टर झालेली पोर मला खरं लिहायला सांगते.

साखर १९६. दोन आप्पम, खोबऱ्याची चटणी, कोरा चहा. चहाबरोबर तळहातावर कितुल ताडाच्या गुळाचा तुकडा होता, पण तो चहाचाच भाग आहे. वेगळा मोजायचं कारण नाही.

५ जानेवारी

साखर २०१. हे यंत्र बिघडलेलं असावं.

माझी मुलगी सेव्वंदी कोलंबोहून आली. तिचं रुचिरशी ठरलं आहे. तो केगल्लच्या शाळेत विज्ञान शिकवतो. ज्योतिषाने अंगठ्या घालायचा मुहूर्त काढून दिला, १४ मार्च, सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटं. मी याच दिवसाची सत्तावीस वर्षं वाट बघत होतो. चहा झाल्यावर कपाटातून चुन्याची जुनी डबी काढली आणि तिच्यासमोर उघडली.

डबीत कच्चा नीलम आहे. तिच्या जन्मानंतर आठव्या दिवशी मी तो एका खाणवाल्याकडून घेतला. चिंचोक्याएवढा, सगळा तांदळाच्या धुवणासारखा फिकट, आणि एका टोकाला निळ्याचा एकच थेंब. ज्याच्या हातात कसब आहे तो माणूस हा थेंब बरोबर तळाच्या टोकावर येईल अशा बेताने पैलू पाडतो. मग वरून बघणाऱ्याला अख्खा खडा निळा दिसतो. थेंब केसभर सरकला तर हातात नुसतं पाणी उरतं. असे खडे वाचवणारे रत्नपुरात आता तीन-चारच राहिले असतील, आणि त्यातला पहिला मी.

सेव्वंदीने खडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि डबी हळूच बंद केली.

"तात्ता, मला लॅबमध्ये बनवलेला नीलम हवाय."

ही मुलगी कोलंबोच्या तपासणी केंद्रात काम करते. खाणीतला खडा कुठला आणि भट्टीतला कुठला हे दुर्बिणीखाली ओळखून त्याचं प्रमाणपत्र देणं हेच तिचं काम. मी म्हटलं, "दिवसभर खोटे खडे बाजूला काढतेस आणि स्वतःच्या बोटात खोटा घालणार?"

"खोटा नाही, बनवलेला. लपवून विकला तर खोटा. आपण कुठे लपवणार आहोत?"

"कारण काय पण?"

"रुचिरच्या पगारात त्याने मला अंगठी द्यायची. तुमच्या खड्यावर त्याची अंगठी कशी होईल?"

"मग पैलू पाडायला त्याच्याच शाळेतला शिपाई बोलव."

"नाही. पैलू तुम्हीच पाडायचे. नाहीतर मला अंगठीच नको."

हेमलता स्वयंपाकघरातून हसली. माझ्या बायकोला अशा वेळी नेमकं हसू येतं.

८ जानेवारी

साखर १८८.

सकाळी बाजारात गेलो. आमचा बाजार म्हणजे रस्ताच, सगळे व्यापारी उभ्याने खडे दाखवतात. निळा खडा सकाळच्या उन्हाकडे पाठ करून बघायचा, दुपारनंतर बघितला तर माणूस फसतो. पण हल्ली सकाळीही खडे मेलेलेच दिसतात. आज सहा नीलम हातात घेतले, सहाही राखेच्या रंगाचे. नव्या पोरांना खडा तापवता येत नाही, रंग जाळून टाकतात. मी तसं बोललो तर दोघं-तिघं एकमेकांकडे बघून आपापले खडे पुडीत बांधू लागले. खरं टोचतंच.

मर्जान हाजियारने नेहमीप्रमाणे पुडी दिली. बेरुवलचा हा व्यापारी चाळीस वर्षं माझ्याकडूनच पैलू पाडून घेतो. पुडीत पुन्हा गोमेदच. म्हटलं, "हाजियार, नीलम कुठे आहेत?" तर म्हणाला, "येतच नाहीत रे हल्ली चांगले." बघा, तोही तेच म्हणतो.

गोमेद मात्र छान आहेत. भाजलेल्या दालचिनीच्या रंगाचे, तजेलदार. साणेवरचा बल्ब बदलला, उजेड पडतच नव्हता.

हेमलता म्हणाली, "अहो, हा महिन्यातला तिसरा बल्ब."

१२ जानेवारी

रुचिर आला होता. बरोबर म्हशीच्या दह्याचं मडकं आणि कितुलची काकवी. मुलगा बरा आहे, पण दर वेळी तोच मळकट करडा सदरा घालतो. लग्नाच्या मुलाने जरा रंगीत काही घालू नये का?

दह्यावर काकवी घेत त्याने मला विज्ञान शिकवलं. "मामा, दोन्हींचा पदार्थ एकच. जमिनीत त्याला लाखो वर्षं लागतात, भट्टीत काही तासांत होतो."

"मग लग्नही काही तासांत उरकू. वाटाघाटी कशाला, पंचांग कशाला?"

"चालेल की," तो म्हणाला. असल्या मुलाशी भांडताही येत नाही.

मग सेव्वंदी म्हणाली की भट्टीतला खडा तिला हवा आहे, कारण खाणीसाठी भातशेती उकरावी लागते. मागच्या आठवड्यात कारण रुचिरचा पगार होतं. जाताना दारात तिसरं सांगितलं, म्हणे दिवसभर खड्यांतले दोष शोधून कंटाळते, निदान बोटात तरी निर्दोष असावा. दर वेळी नवं कारण. ज्याच्याकडे खरं कारण असतं त्याला एकच पुरतं.

साखर मोजली नाही. दही दोन वाट्या. काकवी मडक्याच्या तळाशीच होती, ती टाकून कशी द्यायची?

१९ जानेवारी

अपमान, दुसरा शब्द नाही.

सेव्वंदीने भट्टीतल्या नीलमाचे तीन कच्चे तुकडे आणले. तिन्ही एकाच मापाचे, एकाच रंगाचे. म्हणाली, "एक बिघडला तर दुसरा आहे. दुसरा बिघडला तर तिसरा."

"बिघडला तर? माझ्या हातून?"

"तात्ता, असू द्या की जवळ."

तिन्ही उजेडात धरले. मला त्यांत कसलाही जीव दिसला नाही. रंग सगळीकडे सारखा, थेंब नाही, आत रेशमाचे तंतू नाहीत, काहीच शोधावं लागत नाही. कसा ठेवला तरी तसाच. असल्या तुकड्यावर माझं कसब लावणं म्हणजे ते वाया घालवणं. पुडी बांधून खणात टाकली.

साखर २१०, रागाने.

२८ जानेवारी

आठ दिवस मी आणि सेव्वंदी फोनवर हवेबद्दल बोलतो आहोत.

हेमलताने पुढचं दार रंगवून घेतलं, पाहुणे येणार म्हणून. पेंटवाल्याने तिला चक्क फसवलं. निळा सांगून शेवाळी-करडा काहीतरी फासून गेला. मी म्हटलं तर म्हणाली, "अहो, चांगला निळा आहे." शेजारणीला विचारलं, ती म्हणाली निळाच. बायका एकमेकींची बाजू घेतात.

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी वही वाचली आणि 'काकवी तळाशीच होती' या ओळीखाली लाल रेघ मारली. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. वरच्या तीन ओळी वाचल्या, खाली त्यांनी काही लिहिलंच नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. मी ती पंचांगात ठेवली आहे. मुलीचं कार्य आधी, दवाखाने नंतर.

साखर १७९. खरोखर १७९.

९ फेब्रुवारी

आज पौर्णिमा. हेमलता पांढरी साडी नेसून सकाळीच विहारात गेली, दिवसभर तिथेच. मी ठरवलं होतं की आज डबीतला नीलम काढायचा आणि पैलू पाडून थेट सेव्वंदीसमोर ठेवायचा. खडा तयार झाला की कुठली मुलगी नको म्हणते?

दहा वाजता खिडकीपाशी बसलो. काडीवर लाख तापवली. काडीला खडा चिकटवण्याआधी थेंब कुठे आहे ते नक्की करावं लागतं, मग तिथून फिरायची सोय नसते. खडा फिरवला. उलटा केला. भिंग लावलं. ओला केला. बाहेर अंगणात जाऊन उन्हाकडे पाठ करून बघितला.

थेंब नाही.

सत्तावीस वर्षं ज्याची जागा मी झोपेतही सांगितली असती, तो नाही. सगळा खडा धुवणाचं पाणी. आधी वाटलं, रंग उडाला. पण नीलमाचा रंग डबीत उडत नाही, हे या गावात शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. म्हणजे खडा बदलला. सेव्वंदी सोडली तर डबी कुठे असते हे तिघांनाच ठाऊक. मी, हेमलता आणि मर्जान हाजियार. हाजियार दर वर्षी एप्रिलमधल्या नव्या वर्षाला घरी येतो आणि म्हणतो, विमलसेन, तो मला विक. मागच्या एप्रिलमध्ये तर तो हातात घेऊन बराच वेळ उभा होता. माझी पाठ होती, मी केळी कापत होतो.

चाळीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. हेमलताला सांगितलं नाही. जेवलो नाही.

१० फेब्रुवारी

सगळं लिहितो. डॉक्टरीणबाईंनी वाचलं तर वाचू दे.

सकाळी बाजारात गेलो. हाजियार चार माणसांत उभा होता. मी डबी त्याच्यासमोर धरली आणि म्हटलं, "माझा खडा परत द्या."

"कुठला खडा?"

"हा नाही तो. माझ्या मुलीचा. तुम्ही बदललात."

आजूबाजूच्यांनी हातातले खडे मुठीत मिटले. आमच्या बाजारात एकमेकांच्या हातात लाखांचे खडे कागदाशिवाय जातात. इथे चोर म्हणणं म्हणजे माणसाला जिवंत पुरणं. हाजियार चिडला नाही. त्याने डबी घेतली, उन्हाकडे पाठ केली, खडा दोन बोटांत धरला.

"थेंब आहे तिथेच आहे, विमलसेन."

"मला फसवू नका."

त्याने तो खडा शेजारच्या माणसाला दिला. मी त्याला ओळखतही नव्हतो, एलहेरातून आलेला कुणी दलाल होता. "यात निळा कुठे आहे, यांना दाखव." त्या माणसाने क्षणभरही न थांबता एका टोकाला नख लावलं.

मला तिथे फक्त नख दिसलं.

हाजियारने मला हाताला धरून चहाच्या टपरीवर नेलं. दोन कोरे चहा मागवले, गुळाशिवाय. म्हणाला, "वर्षभर तुला गोमेदच का देतो?"

"नीलम येत नाहीत म्हणून."

"रोज येतात. मागच्या वैशाखात तू मला चार नीलम करून दिलेस. चारही पाणी. थेंब बाजूला गेले होते."

"तुम्ही तर घेतलेत."

"माझ्या कपाटात आहेत."

"सांगितलं का नाहीत?"

"तू ऐकलं असतंस?"

मी चहाचा पेला खाली ठेवला. रस्त्यावरून माणसं जात होती, त्यांच्या कपड्यांचे रंग मी बघू लागलो. लाल दिसत होता. पिवळा दिसत होता. निळा कुणीच घातला नव्हता. अख्ख्या रस्त्यावर कुणीच नाही, असं कसं होईल?

मी म्हटलं, "हाजियार, मी तुम्हाला चारचौघांत चोर म्हटलं."

"म्हटलंस खरं. आता चहाचे पैसे तू दे."

११ फेब्रुवारी

साखर १७०. गूळ खाल्ला नाही. पंचांगातली चिठ्ठी काढली.

१३ फेब्रुवारी

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकून पिवळे झाले आहेत, म्हणून निळा आधी जातो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोपं आहे, पण साखर दीडशेच्या खाली आणा, मगच. पहिल्या डोळ्याची तारीख २ एप्रिल. म्हणजे मुहूर्त आधी आणि डोळा नंतर.

सेव्वंदीला फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं झालं, तात्ता." बरं काय झालं त्यात? रडत होती बहुतेक.

मी म्हटलं, "डबीतला खडा आता मी करणार नाही. हाजियारला सांगून दुसरा कसबी शोधतो. अजून महिना आहे."

"मला तुमच्याच हातचा हवा. भट्टीतले तीन आहेत ना घरात?"

मुलगी हट्टी आहे. पण खणातली पुडी काढली.

१६ फेब्रुवारी

पहिला तुकडा बिघडला. वरचा सपाट पैलू उतरता झाला, सुधारायला गेलो आणि जास्तच उतरला. नशीब, तीन आहेत.

साखर १५८.

२१ फेब्रुवारी

दुसराही गेला. एकाच पैलूवर दोनदा काम केलं आणि शेजारचा कोराच राहिला. बेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. किंवा मागच्या वैशाखात झालं असेल आणि मला कळलं नसेल.

आज मी अंगणात बसून एक तास काहीच केलं नाही. हेमलता शेजारी येऊन फणसाचे गरे सोलत बसली. सोलता सोलता म्हणाली, "पहिल्यांदा घरी आलात तेव्हा तुमची बोटं बघून अप्पच्चींनी होकार दिला होता. डोळे नव्हते बघितले." अप्पच्ची म्हणजे तिचे वडील. हे मला तिने बत्तीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

एकच तुकडा उरला आहे.

२५ फेब्रुवारी

सेव्वंदी रजा घेऊन आली. सकाळी साणेजवळ माझ्या शेजारी बसली. मी बल्ब लावला, तर तिने बंद केला.

"तात्ता, बघू नका. ऐका."

लहानपणी ती इथेच जमिनीवर बसून गृहपाठ करायची. मीच तिला सांगितलं होतं की पैलू नीट बसला की साणेचा आवाज एकसारखा येतो, कोन चुकला की खरखरतो. मी विसरलो होतो, ती नाही. आमच्या काडीचं मागचं टोक साणेशेजारच्या फळीतल्या भोकांत अडकवायचं असतं, एक भोक म्हणजे एक कोन. त्याला डोळे लागतच नाहीत. मी भिंगामागे लागलो आणि भोकं बोटांनी मोजायची सोडून दिली होती.

डोळे मिटले. भोक मोजलं, काडी अडकवली, खडा टेकवला. खरखर. किंचित सोडला. मग तो आवाज आला. सेव्वंदी म्हणाली, "हं." पुढचा पैलू. "हं." एक वाजेपर्यंत आम्ही या एका शब्दावर काम केलं. जेवायला हाक मारायला हेमलता आली आणि दारातच उभी राहिली, हाक न मारता.

साखर १४९. दीडशेच्या खाली.

१ मार्च

खडा झाला. सेव्वंदीने भिंगाखाली बघितला. "एक पैलू तिरका आहे, मधल्या कडेच्या खाली."

"काढून टाकू. पुन्हा साणेवर घेतो."

"हात लावायचा नाही." तिने पुडी बांधली आणि पर्समध्ये टाकली. मला तो अजूनही करडाच दिसतो. पण बोट फिरवलं तर त्याच्या कडा बोलतात.

१४ मार्च

सकाळी नऊ बेचाळीसला अंगठ्या घातल्या. दूधभात, केळी, माणसं, लहान मुलांचा गोंधळ. मी एक घास दूधभात खाल्ला, मुहूर्ताचा म्हणून.

मग जे व्हायचं ते झालंच. रुचिरचे थोरले काका बदुल्लला सोन्याचं दुकान चालवतात. त्यांनी खिशातून भिंग काढलं, सेव्वंदीचा हात धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "वा. हा तर राजा खडा. कुठल्या खाणीतला हो?"

त्या क्षणी मला माझं नाव आठवलं, ज्याच्यावर लोक खडा न बघता घेतात. गप्प राहिलो असतो तर काका स्वतःच एखाद्या खाणीचं नाव घेऊन मोकळे झाले असते. कुणालाही कळलं नसतं. शेजारी हाजियार उभा होता.

मी म्हटलं, "खाणीतला नाही. भट्टीतला आहे. पैलू माझे. त्यातला एक तिरका आहे, तोही माझाच."

काकांनी भिंग पुन्हा लावलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. "तिरका कुठे आहे?"

"मला माहीत आहे," सेव्वंदी म्हणाली, "आणि मी दाखवणार नाही." तिने मूठ मिटली. रुचिर हसला, मग सगळेच हसले, आणि काकांनी भिंग खिशात टाकून केळं घेतलं.

हाजियार हळूच कानाशी म्हणाला, "चाळीस वर्षांत अशी पक्की हमी मला कधी दिली नाहीस." हा माणूस माझा मित्र आहे. वहीत लिहून ठेवतो, तोंडावर सांगणं जमणार नाही.

साखर १४४.

३ एप्रिल

काल ऑपरेशन झालं. आज सकाळी पट्टी काढली. नर्सबाईंनी बजावलं, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही.

दवाखान्याबाहेर रुचिर गाडी घेऊन उभा होता. त्याच मळकट सदऱ्यात. तो सदरा निळा आहे. सकाळच्या उन्हातल्या नीलमासारखा, स्वच्छ निळा. आणि आकाश, आणि बसवरची पट्टी, आणि एका शाळकरी पोरीची पाण्याची बाटली. एवढा निळा रंग लोक रस्त्यात उघडा टाकून फिरत होते आणि मला कुणी सांगितलं नाही.

घरी आलो. दार इतकं निळं आहे की शेजाऱ्यांची माफी मागावी. हेमलता म्हणाली, "काय, फसवलं का मला पेंटवाल्याने?" मी म्हटलं, "फार फसवलं. एवढ्या पैशात एवढा रंग देत नाही कुणी."

सेव्वंदीने हात पुढे केला. मी तिचा हात धरून खिडकीपाशी, उन्हाकडे पाठ करून उभा राहिलो. तो खडा राखेचा नाही. जीव नाही असं मी ज्याला म्हणत होतो तो चांगला भरदार निळा आहे. आणि पैलू एक नाही, तीन तिरके आहेत. मी काकांना एकच सांगितला होता.

"दे, दोन दिवसांत सरळ करून देतो."

तिने हात पाठीमागे लपवला, लहानपणी चिंच लपवायची तसा.

"मग लग्नात तरी डबीतला घालशील?"

"पैलू कोण पाडणार त्यावर आहे."

"मी. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की."

"मग घालीन."

डबी उघडली. थेंब आहे. जिथे त्या दलालाने नख लावलं होतं, बरोबर तिथे. नर्सबाईंचं सांगणं पाळता आलं नाही.

१४ एप्रिल

नवं वर्ष. सेव्वंदी आणि रुचिर दोघंही आले आहेत. चूल पेटवायचा मुहूर्त अकरा वाजून सहा मिनिटं, आणि अकराला कळलं की काडेपेटी ओली आहे. हेमलता ओरडली, "अहो, सेव्वंदीच्या टेबलाच्या खणात बघा."

खणात काडेपेटी होती. तिच्याखाली कागदाची पुडी होती. खड्यांची पुडी दिसली की माझी बोटं आपोआप उघडतात. आत भट्टीतल्या नीलमाचे कच्चे तुकडे. त्याच मापाचे, त्याच रंगाचे. मोजले, नऊ. बरोबर दुकानाची पावती. बारा नग. तारीख २९ डिसेंबर. मी डबी उघडून दाखवली त्याच्याही आधीची.

मी तिच्या पलंगावर बसलो. रुचिरचा पगार नव्हता, भातशेती नव्हती, दोषही नव्हते. माझ्या डोळ्यांचं तिला कळलं होतं. मला कळायच्या कितीतरी आधी. माझ्या हातून सत्तावीस वर्षांचा खडा बिघडू नये आणि तरी बोटात खडा माझ्याच हातचा असावा, म्हणून तिने भट्टीतला मागितला. आणि अकरा बिघडतील असं धरून बारा आणले. तीनच पुढे केले, मला वाईट वाटू नये म्हणून. तेवढ्यावरही मी आठ दिवस हवेबद्दल बोललो.

बाहेरून हेमलता, "अहो, मुहूर्त जातोय."

सेव्वंदी दारात आली. "तात्ता, काय शोधताय?"

"काडेपेटी." पुडी होती तशी बांधून खणात ठेवली होती. घडी मात्र माझ्या हातची पडली असणार, आणि ती ओळखणारी मुलगी आहे.

चूल अकरा सहालाच पेटली. दूध उतू गेलं, तेही पूर्वेकडून, तो शकुन चांगला मानतात.

साखर १३१. नव्या वर्षाचे तळलेले गोड कवुम, दोन.

तीन. खरं लिहायचं ठरलं आहे.